दानाची मुदत कुणी ठरवायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत कंपन्यांच्या आरोग्यदानावर दोन पानी लेख होता. गरीब देशांना औषधं, उपकरणं, फिरते दवाखाने देणाऱ्या कंपन्यांची त्यात भरपूर वाखाणणी होती. सोबत मोठा फोटो: गोदामाच्या दारात रचलेली खोकी, फीत, आणि फितीमागे सुटाबुटातली तीन माणसं. मी त्या फोटोवर भिंग धरलं. माणसं बघायला नव्हे, खोकी बघायला. ज्या बाजूवर बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली असते ती बाजू नेमकी भिंतीकडे होती. ३१ वर्षं औषधभांडारं सांभाळलेल्या बाईची ही खोड आहे, आता जायची नाही.

मी फार्मासिस्ट. मदतकार्य करणाऱ्या एका संस्थेच्या नोकरीत वेगवेगळ्या देशांतल्या सरकारी भांडारांत राबले, त्यातली सहा वर्षं पश्चिम आफ्रिकेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला बरं केल्याचं श्रेय माझ्या खात्यावर नाही. आलेलं मोजायचं, लिहायचं, कोरडं आणि थंड ठेवायचं, आधी संपणारं आधी बाहेर काढायचं, आणि मुदत उलटली की जाळायचं, एवढंच माझं काम. पण दान व्यासपीठावरून दिसतं तसं गोदामातून दिसत नाही, म्हणून हे पत्र. लांबणार आहे. छापताना कापलंत तरी राग नाही, मात्र टॉर्चच्या सेलचा भाग राहू द्या.

सुरुवात माझ्या दोन सह्यांपासून करते. एका कंपनीकडून एक भरलेला कंटेनर आला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असं वागणारी ती एकटी नव्हती. आत भूक वाढवायचं सिरप होतं (ज्या भागात भूक ही तक्रार होती आणि धान्य हा उपाय होता), टॉनिकं होती, चघळायच्या खोकल्याच्या गोळ्या होत्या. आणि खरोखर उपयोगाचं लहान मुलांचं एक अँटिबायोटिकही होतं, पण त्याची मुदत संपायला चार महिने राहिले होते. बंदरावर कागदपत्रांत सात आठवडे गेले. डॅमरेज, म्हणजे माल बंदरावर पडून राहिल्याचा आकार, भरला आरोग्य खात्याने, स्वतःच्या औषधखरेदीच्या पैशांतून. मी पोचपावतीवर सही केली आणि त्या सहीचा फोटो निघाला. काही महिन्यांनी त्यातला बहुतेक माल सिमेंटच्या भट्टीत जाळला, त्या दाखल्यावरही सही माझीच. तेव्हा फोटो काढायला कुणी नव्हतं. पुढच्या वर्षीच्या अहवालात कंपनीने तो माल आपल्या देशातल्या छापील किमतीने दान म्हणून दाखवला. माझी पहिली सही त्या हिशोबात होती, दुसरी नव्हती.

हे एखाद-दुसऱ्या कंटेनरचं रडगाणं नाही. आर्मेनियात १९८८ साली भूकंप झाला तेव्हा जगभरातून ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान पोचलं. ते नुसतं निवडायला ५० माणसांना सहा महिने लागले. ८ टक्के माल पोचतानाच मुदतबाह्य होता, ४ टक्के थंडीने गोठून वाया गेला, आणि उरलेल्यातला सहज ओळखता येईल असा माल जेमतेम ३० टक्के. पुढे बोस्नियाच्या युद्धात, १९९२ ते १९९६ च्या मध्यापर्यंत, अंदाजे १७,००० टन निरुपयोगी औषधं साचली आणि त्यांची विल्हेवाट लावणं हाच एक स्वतंत्र खर्च होऊन बसला. सगळा माल कंपन्यांचा नव्हता. संस्थांचा, सैन्यांचा, भल्या माणसांच्या घरातल्या कपाटांतलाही होता. पण याच अनुभवांतून जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. औषध पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. लेबल त्या देशातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना कळेल अशा भाषेत हवं. आणि जे मागितलंय, जे त्या देशाच्या यादीत आहे, तेच पाठवावं. आणखी एक कलम मला फार आवडतं: दानाची किंमत लावताना त्याच औषधाच्या जेनेरिक रूपाचा घाऊक भाव धरावा. तुमच्या पुरवणीतल्या आकड्यांना हा एवढा एक नियम लावून पाहा, बरेचसे आकडे कसे आक्रसतात ते दिसेल.

करांचंही एक बोलून टाकते. अमेरिकेच्या करकायद्यात, पडून असलेला माल कंपनीने गरजू आणि आजारी लोकांसाठी धर्मादाय संस्थेला दिला तर तिला उत्पादनखर्च अधिक नफ्यातला निम्मा भाग एवढी वजावट मिळते, उत्पादनखर्चाच्या दुपटीपर्यंत. यात बेकायदा काही नाही. सवलतीमागचा हेतूही चांगला आहे. फक्त बातमी देताना वाचकाला हेही कळलं पाहिजे की मुदत संपत आलेला माल जाळायलाही पैसे लागतात, आणि तोच दिला तर उलट पैसे सुटतात.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बाईंना कंपन्यांचा राग आहे. नाही हो. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं आरोग्यदान एका कंपनीचंच होतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या खळाळत्या नद्यांच्या काठी एक बारीक काळी माशी असते. तिच्या चाव्यातून एक जंत माणसाच्या अंगात शिरतो. मोठे जंत कातडीखाली गाठी करून राहतात आणि लाखोंनी पिल्लं सोडतात. ती पिल्लं कातडीत फिरतात, डोळ्यांत जातात. माणूस आधी वर्षानुवर्षं खाजवतो, नडग्यांवरचा रंग उडून कातडी चित्त्यासारखी ठिपकेदार होते, आणि शेवटी दिसेनासं होतं. सगळ्यात सुपीक जमीन नदीकाठची, आणि तीच सोडून गावं उठून जायची. इंग्रजीत याला नावच ‘नदीचं अंधत्व’ असं आहे.

यावरचं औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन. होय, करोनाच्या काळात जिच्यासाठी उगाच झुंबड उडाली होती तीच गोळी. जपानमध्ये एका गोल्फ मैदानाजवळून सातोशी ओमुरा यांनी उचललेल्या मातीतल्या जिवाणूपासून ती निघाली. अमेरिकेतल्या मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूने तिचा जंतांवरचा गुण ओळखला. या दोघांना २०१५ चं नोबेल मिळालं. आधी ती गुराढोरांचं औषध म्हणून बाजारात आली आणि बख्खळ चालली. माणसांवरच्या पहिल्या चाचण्या १९८१ मध्ये सेनेगलमध्ये, मोहम्मद अझीझ या मर्कमधल्याच डॉक्टरांनी केल्या. औषध लागू पडलं. अडचण एवढीच की ज्यांना ते हवं होतं त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, आणि त्यांच्यासाठी विकत घ्यायला एकही सरकार पुढे येईना. अखेर ऑक्टोबर १९८७ मध्ये कंपनीचे प्रमुख रॉय व्हॅगेलोस यांनी जाहीर केलं: या रोगासाठी गोळी फुकट, लागेल तितकी, लागेल तितकी वर्षं.

लागेल तितकी वर्षं. माझ्या नोकरीत शेकडो दानपत्रं हाताखालून गेली, त्यांत हे शब्द दुसऱ्या कुठल्या कागदावर मी फार क्वचित पाहिले. आणि या रोगात सगळी मेख याच शब्दांत आहे. ही गोळी मोठ्या जंताला मारत नाही, त्याच्या पिल्लांना मारते. मोठी मादी कातडीखाली १० ते १५ वर्षं जगते आणि गोळीचा भर ओसरला की पुन्हा पिल्लं सोडू लागते. म्हणून वर्षातून निदान एकदा, गावातल्या जवळजवळ प्रत्येकाला, जंत म्हातारा होऊन मरेपर्यंत गोळी द्यावी लागते. तीन वर्षं देऊन थांबलात तर खाज तीन वर्षं थांबते. तुमच्या लेखातले बहुतेक प्रकल्प नेमके तीन-तीन वर्षांचे आहेत. हा तीनचा आकडा कुठून येतो ते मला ठाऊक आहे. तो रोगातून येत नाही, संचालक मंडळाच्या मंजुरीतून येतो. माझं म्हणणं या पत्रात एवढंच आहे, बाकी सगळा तपशील: दानाची मुदत देणाऱ्याच्या आर्थिक वर्षाने ठरू नये, जंताच्या आयुष्याने ठरावी.

आता ती गोळी तोंडात जाते कशी ते सांगते, कारण लेखात ‘वितरण’ या एका शब्दात ते उरकलंय.

भांडारात ५०० गोळ्यांच्या बाटल्या यायच्या. खरं तर डोस वजनावर ठरतो, पण गावोगाव वजनकाटे कोण नेणार, आणि नेलेले नीट कोण ठेवणार? म्हणून उंचीवरून डोस ठरवायची युक्ती निघाली. एक काठी, तिच्यावर रंगाचे पट्टे. ९० सेंटिमीटरच्या खाली गोळी नाही. ९० ला एक, १२० ला दोन, १४१ ला तीन, १५९ आणि वर चार. बस. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही दुसरं काही शिकवावं लागत नाही. या सगळ्या मोहिमेत मला सर्वांत हुशारीची वाटलेली वस्तू ही काठी आहे, आणि तिच्यावर कुणाचं पेटंट नाही.

या काठीपाशी मी पुष्कळ वेळ उभी राहिले आहे. पोरं टाचा उंचावून उभी राहायची, कारण जास्त गोळ्या म्हणजे मोठं झाल्याची खूण. एक उंचापुरा माणूस उलट गुडघे वाकवून उभा राहिला. आदल्या वर्षी चार गोळ्या घेतल्यावर कातडीतली पिल्लं मरताना अंगाची इतकी आग झाली होती की यंदा त्याला तिनावर भागवायचं होतं. गोळ्या वाटणाऱ्या बाईने काठीनेच त्याच्या गुडघ्याला मागून हलकेच ढोसलं. सगळे हसले, तोही हसला, आणि चार गोळ्या गिळल्या.

ती बाई कंपनीची नव्हती, सरकारचीही नव्हती. आफ्रिकेतल्या या कार्यक्रमाने १९९० च्या दशकाच्या मध्यात एक शहाणा निर्णय घेतला होता: वाटप कुणी करायचं आणि कोणत्या दिवसांत करायचं हे गावानेच ठरवायचं. मग गाव आपल्यातलंच कुणीतरी निवडायचं. पुढे युगांडात असंही दिसून आलं की वाटणारा आपल्याच भाऊबंदांत गोळ्या वाटत असेल तर काम जास्त चांगलं होतं आणि बायकाही जास्त संख्येने पुढे येतात. मला यात नवल वाटलं नाही. गरोदर बाईला ही गोळी द्यायची नसते. आता भर चौकात, सासऱ्यादेखत, कुणा नव्या सुनेला ‘दिवस गेलेत का’ म्हणून विचारायचं कसं? आमची ही बाई विचारायचीच नाही. सुनेला काठीपाशी उभी करायची, तिच्या डोळ्यांकडे बघायची आणि वहीत ‘नंतर’ असं लिहून पुढच्याला बोलवायची. संध्याकाळी विहिरीवर तिला गाठायची आणि मग काय ते ठरवायची. ही अक्कल कुठल्या कंटेनरमधून येते?

आणि या बाईला मिळायचं काय? एक टी-शर्ट. छातीवर पाच संस्थांची चिन्हं. तो तिचा मुलगा घालायचा.

आता सेलची गोष्ट. एकदा ती माझ्याकडे भांडारात आली, पायी, मला वाटतं तीन-साडेतीन तास चालून. म्हणाली, माणसं दिवसभर शेतात असतात, सापडतात ती अंधार पडल्यावर, आणि अंधारात काठीवरचे पट्टे दिसत नाहीत. टॉर्चला दोन सेल द्या. माझ्या पाठीमागे मांडणीवर एवढ्या गोळ्या होत्या की अख्ख्या जिल्ह्याला पुरून उरतील. त्यांच्या दानाची किंमत अहवालात लाखो डॉलरांत लिहिलेली. आणि टॉर्चचे दोन सेल द्यायला माझ्याकडे ‘हेड’, म्हणजे खर्च टाकायचं खातं, नव्हतं. गोळ्या दानाच्या होत्या, वाहतूक एका परदेशी सरकारच्या पैशांची, प्रशिक्षण तिसऱ्याच संस्थेचं. सेल कुणाच्याच यादीत नव्हते. मी माझ्या ट्रान्झिस्टरमधले काढून दिले. आठवडाभर बातम्या ऐकल्या नाहीत, एवढाच काय तो माझा त्याग.

दान देणारे गोळी देतात. काठी धरणारा हात त्यांनी फुकटच धरलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना त्यांच्या कामाच्या मानाने पैसे मिळाले पाहिजेत. गोळ्या वाटणाऱ्या या बायका-पुरुषांना कार्यकर्ते म्हणायचं की स्वयंसेवक, यावर मी कितीतरी बैठका ऐकल्या आहेत. स्वयंसेवक म्हटलं की पैसे द्यावे लागत नाहीत, हे त्या बैठकांमधलं न बोललेलं वाक्य.

हात नसला की काय होतं ते २०२५ मध्ये सगळ्यांना दिसलं. अमेरिकी सरकार २००६ पासून नदीच्या अंधत्वासारख्या दुर्लक्षित रोगांवरच्या वाटप मोहिमांना पैसा देत होतं. २०२५ च्या सुरुवातीला परदेशी मदत अचानक थांबली आणि अनेक देशांतल्या मोहिमा अडकल्या. कंपन्यांनी शब्द मोडलेला नव्हता; गोळ्या द्यायला त्या तयारच होत्या. वाटायला पैसे नव्हते. अशा वेळी कुठल्या तरी भांडारात माझ्यासारखीच कुणीतरी बिन कार्डावरच्या (मांडणीवरच्या मालाच्या नोंदीच्या कार्डावरच्या) एक्स्पायरीच्या तारखांवर लाल पेन फिरवत बसलेली असणार, हे मला बातमी न वाचताही दिसत होतं.

योगायोग बघा, त्याच जानेवारीत नायजर हा देश या जंताच्या प्रसारापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. आफ्रिकेतला पहिला. त्याआधी जगात फक्त चार: कोलंबिया २०१३, इक्वेडोर २०१४, मेक्सिको २०१५, ग्वाटेमाला २०१६. नायजरचं श्रेय एकट्या गोळीला देता येत नाही. तिथे गोळीच्या कितीतरी आधीपासून, १९७० च्या दशकापासून, नद्यांवर अळीनाशक फवारून माशी हटवण्याचं काम चाललं होतं, आणि ते सरकारांच्या आणि जागतिक बँकेसारख्या संस्थांच्या पैशांवर. म्हणजे चांगल्यात चांगल्या कंपनीदानाच्या पायाखालीही सरकारी पैशाचा भराव असतो. फीत कापताना तो दिसत नाही.

दानाची मुदत चुकीच्या माणसाने ठरवली की काय होतं, याची दुसरी गोष्ट आफ्रिकेतल्या निद्रारोगाची. त्सेत्से माशीमुळे होणारा हा रोग मेंदूपर्यंत पोचला की त्यावर वर्षानुवर्षं एकच इलाज होता, मेलार्सोप्रॉल. सोमलापासून बनवलेलं इंजेक्शन. शिरेत जाताना आग आग व्हायची, आणि औषधानेच शंभरातले पाचेक रोगी दगावायचे. मग एफ्लोर्निथिन आलं, त्या मानाने कितीतरी सौम्य, १९९० मध्ये मान्यता मिळालेलं. त्याने बेशुद्धीतले रोगी उठून बसले. पण घेणारे गरीब, म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यात त्याचं उत्पादन बंद झालं. पुन्हा सुरू कसं झालं? तेच औषध बायकांच्या चेहऱ्यावरचे नको असलेले केस कमी करण्याच्या क्रीममध्ये चालतं असं निघालं, आणि २००० मध्ये ते क्रीम आलं. श्रीमंत देशांतल्या हनुवट्यांसाठी जे बनतं ते मरणाऱ्यांसाठी का नाही, असा गलका डॉक्टरांच्या संघटनांनी केला. २००१ मध्ये अव्हेंटिस कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेशी करार करून हे औषध पाच वर्षांसाठी दान दिलं, पुढे ते चालूही ठेवलं. १९९८ मध्ये निद्रारोगाचे जवळपास ४०,००० रोगी नोंदले गेले होते. २०१८ मध्ये १,००० पेक्षाही कमी. हे यश मी मनापासून मानते. पण ज्या मधल्या वर्षांत औषध बनत नव्हतं, त्या वर्षांत सोमल टोचून घेणाऱ्यांचं काय?

‘फुकट ते चांगलंच’ हेही खरं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेने फायझरने देऊ केलेले न्यूमोनियाच्या लशीचे सुमारे १० लाख फुकट डोस नाकारले. त्यांचं म्हणणं असं: आज आम्हाला फुकट, पण ज्या देशांना स्वतःच्या पैशाने ही लस घ्यायची आहे त्यांना भाव परवडत नाही तो नाहीच, दानाने लस मिळते, पण भाव कमी करा ही मागणी हवेत विरते, आणि दान देणारा वाटेल तेव्हा हात आखडता घेऊ शकतो. तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पुढच्याच महिन्यात कंपनीने आणीबाणीच्या जागी काम करणाऱ्या संघटनांसाठी लशीचा भाव उतरवला. मी त्यांच्या जागी असते तर डोस नाकारू शकले असते का? बहुधा नाही. दारात लस आणि आत पोरं, एवढं दिसलं की भांडारवाल्या बाईला तत्त्वं सुचत नाहीत. पण त्यांचा हिशेब चुकीचा होता असं म्हणायला मी धजणार नाही.

आणि फुकट देऊन गळ टाकण्याची सगळ्यात जुनी गोष्ट दुधाच्या भुकटीची. गरीब देशांतल्या प्रसूतिगृहांत नव्या आयांना शिशुआहाराचे फुकट डबे दिले जायचे. त्या दानाची मुदत फार काळजीपूर्वक ठरलेली असायची: आईचं दूध आटेपर्यंत. त्यानंतर विकत. १९७७ मध्ये नेस्लेविरुद्ध बहिष्कार सुरू झाला, आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अशा विक्रीला आळा घालणारी संहिता मंजूर केली, ११८ विरुद्ध १ मताने. ते एक मत अमेरिकेचं.

उपकरणांबद्दल थोडक्यात, कारण तो माझा विभाग नव्हता. माझ्या भांडाराच्या मागच्या व्हरांड्यात दान आलेली यंत्रं उभी असायची, कोंबड्या त्यांत अंडी घालायच्या. १६ देशांतल्या १ लाख १२ हजारांहून जास्त वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०११ मध्ये आला होता. सुमारे ३८ टक्के उपकरणं बंद पडलेली. चालवायला शिकलेलं माणूस नाही, दुरुस्तीची व्यवस्था नाही, वीज भरवशाची नाही. यंत्र देणाऱ्यांपैकी सुटे भाग किती जण देतात?

तुम्ही म्हणाल, प्रत्येक कंपनी काही मर्क नाही. लहान कंपनीने तीस-चाळीस वर्षांचा शब्द द्यायचा कसा? देऊ नये. तिने असं काही द्यावं ज्याला शेपूट नसतं. भांडारपालांचं प्रशिक्षण द्यावं, ते माणसात राहतं. गावात वाटणाऱ्यांचे दोन वर्षांचे पैसे द्यावेत, पण तिसऱ्या वर्षापासून सरकार ते आपल्या अंदाजपत्रकात घेईल असं आधी कागदावर घेऊन. किंवा नुसतं कापड द्यावं. हसू नका. नारूवर, म्हणजे पिण्याच्या पाण्यातल्या पिसवांतून अंगात शिरणाऱ्या जंतावर, ना गोळी होती ना लस. १९८६ मध्ये २१ देशांत अंदाजे ३५ लाख रोगी होते. २०२४ मध्ये सगळ्या जगात १५ नोंदले गेले. यात कंपन्यांनी दिलेल्या मुख्य वस्तूंपैकी एक होती पाणी गाळायचं बारीक विणीचं नायलॉनचं कापड, ड्यूपाँट आणि आणखी एका कापड कंपनीने दिलेलं, आणि दुसरी पाण्यातल्या पिसवा मारायचं औषध. बाकीचं काम घरोघर जाऊन कापड घागरीवर कसं बांधायचं हे दाखवणाऱ्यांनी केलं. कापडाला एक्स्पायरी नसते, हा माझ्या दृष्टीने आणखी एक गुण.

शेवटी तुमच्याकडे मागणं आहे, कंपन्यांकडे नाही. त्या माझं पत्र वाचणार नाहीत, पण तुमची बातमी वाचतात. तिच्यासाठीच तर फीत असते. पुढच्या वेळी दानाची बातमी आली की वार्ताहराला दोन-चार गोष्टी विचारून यायला सांगा. किती वर्षांसाठी, आणि ती वर्षं कशावरून ठरवली. शेवटच्या माणसाच्या हातात हे कोण देणार, आणि त्याचा पगार कोण देतंय. किंमत कुठल्या भावाने लावली. उत्तर मिळालं नाही तर ‘उत्तर मिळालं नाही’ असंच छापा, तीही बातमीच आहे. आणि वर्षभराने एकदा त्या गोदामात परत जा. जाळल्याचे दाखले मागितले तर भांडारपाल दाखवतात, मी तरी दाखवले असते. मला कधी कुणी विचारलंच नाही.

फोटोग्राफरलाही एक निरोप द्या. फीत, माणसं, सगळं राहू दे, फक्त क्लिक करायच्या आधी एक खोकं फिरवून घे म्हणावं.

आपली,
एक निवृत्त फार्मासिस्ट
(नाव आणि पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये.)